थंड रक्ताचा भाऊ

सेलू स्टेशनच्या बाकावर माझ्याशेजारी एक भाऊ बहिणीला गाडीत बसवून द्यायला आला होता. घर लिंगायत; नुकतेच त्यांचे वडील वारले होते आणि रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली होती.

“रुद्राणी, मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर तू मला कोल्ड-ब्लडेड म्हणालीस. त्याचा अर्थ काय गं?”

“जाऊ दे ना, दादा.”

“माझ्या पोरीला, ईश्वरीला विचारलं. म्हणाली, साप, पाली, बेडूक. हवा थंड झाली की त्यांचं रक्तबी थंड.”

“एवढंच सांगितलं तिनं?”

“एवढंच. पण सांगताना पोरीनं माझ्याकडं बघितलं न्हाई. माणसाला म्हणलं की काय होतं?”

“ज्याला दुसऱ्याचं दुःख शिवत नाही, असा माणूस. अप्पांना माती देत होते आणि तुझ्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता.”

“खड्ड्यात अप्पांना बसवलं, तवा त्यांच्या तळहातावरचं इष्टलिंग कुणी धरलं होतं?”

“तू?”

“वर विभूती पडेपर्यंत ते हलू द्यायचं नसतं. रडलो असतो तर हात थरथरला असता.”

“आम्ही बायका लांब उभ्या होतो. मला काही दिसलं नाही रे.”

“मग विचारायचंस. मराठीत.”

“चुकलं माझं. ईश्वरीला मी फोन करून सांगते.”

“सांग. तवापासून पोर माझ्यापाशी बसायली न्हाई.”

“गाडीत बसले की लगेच करते.”

“गाडी आली बघ. पिशवी घे.”

“दादा, दिवाळीला येऊ ना?”

“माहेर तुझं हाय. विचारायलीस कशाला?”

“आधी कधी विचारलं नव्हतं.”