दारांची हँडलं

रंगाच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक वडील आणि त्यांची मुलगी उभी होती. वडिलांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, गाडीच्या दारांची चार लोखंडी हँडलं होती.

"बाबा, ही परवाच रंगवून झाली होती ना?"

"एकावर ओघळ आला. खरवडून काढला."

"मग चारही का खरवडलीत?"

"तीन एका छटेची आणि एक निराळं? कसं दिसेल ते?"

"कुणाला दिसणार आहे? काल गिऱ्हाईक आलं, तर दार बाहेरून उघडेना. बिचाऱ्याने काचेला नाक लावून गाडी बघितली!"

"गाडी घेणाऱ्याने आधी इंजिनाचा आवाज ऐकावा."

"आणि तुम्ही ही ओव्हनमध्ये भाजलीत. अजून पावाला रंगाचा वास येतोय."

"मंद आचेवर रंग पक्का बसतो गं."

"बाबा, तुमच्या डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी बंद केली. विकू या, असं तुम्हीच म्हणालात."

"विकतोच आहे की. पण अशी गंजकी देऊ?"

"आज संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. तोवर हँडलं दारावर हवीत, बस्स."

त्यांचा नंबर आला.

"लवकर वाळणारा देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली.

"दुसरा कुठला आहे?" वडिलांनी विचारलं.

"तो टिकतो चांगला, पण कडक व्हायला आठवडा घेतो."

"तोच द्या."

मुलीने कपाळाला हात लावला, मग फोन काढला. "हॅलो, आज नका येऊ. नाही हो, विकायची आहे! हँडलं वाळली की कळवते."