जपानीच का?

सांगून कुणाला पटणार नाही, पण हे मी काल दातांच्या दवाखान्यात माझ्या या कानांनी ऐकलं. समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“मी म्हणते, हौस म्हणून एखादी परदेशी भाषा...”

“शिकावी. उत्तम. फ्रेंच घेऊ.”

“घेऊ नाही, घेते. मी एकटी.”

“एकटी कशाला? मी येतो की क्लासला.”

“तुम्ही आलात की बाई प्रश्न मला विचारणार आणि उत्तर तुम्ही देणार. आत्ता नर्सनं विचारलं, कुठला दात दुखतोय, तर तेही तुम्हीच सांगितलंत.”

“बरोबर सांगितलं ना?”

“माझा उजवा दुखतोय. तुम्ही डावा सांगितलात.”

“बरं, राहिलं. मग जर्मन?”

“तुम्हाला फ्रेंच थोडं येतं, जर्मनही थोडं येतं. मी जपानी शिकणार. त्यात माझं वाक्य तुम्हाला पुरं करता येणार नाही.”

“आणि मी संध्याकाळी घरी बसून काय करू?”

“मी आले की काय शिकले ते सांगेन. तुम्ही फक्त ऐका.”

यावर त्या भल्या माणसानं तिथल्या तिथे क्लासला फोन लावून बायकोचं एकटीचं नाव घातलं. नर्सनं डोळे पुसले. डॉक्टर तर हातातल्या पक्कडीसकट टाळ्या वाजवत बाहेर आले.

घरी मी हे सांगत होतो आणि सूनबाई अगदी रंगून ऐकत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला.

“अहो, त्या बाकावर आपणच होतो. आणि तुम्ही अजून हो म्हणालेला नाहीत.”