वाळूचं विरजण

...आणि वर लोक विचारतात, वाळूच तर बदलायची, त्यात एवढं काय? तुम्हाला सांगतो, हे विचारणाऱ्याला चौऱ्याण्णव सालच्या त्या रविवारी पंढरी भोईरच्या घरात नेऊन बसवायला पाहिजे होतं, म्हणजे कळलं असतं काय ते. पंढरी कोण? ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये फिटर. टेंभी नाक्याच्या मागे भाड्याची खोली, खोलीत बायको सरोज, आणि अर्धी भिंत अडवून बसलेली माशांची टाकी. साधी नाही, खाऱ्या पाण्याची. गोल्डफिश काय हो, कोणीही पाळतं, बरणीत सोडला तरी जगतो बिचारा. हे समुद्रातले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे अशी एक जोडी, आणि चार निळे, बारके बारके. पाणी समुद्राचं, वाळू समुद्राची, आणि नखरे... तेही समुद्राएवढे. जरा काही इकडचं तिकडं झालं की मान टाकायची.

तर पंढरीने कोपरला ब्लॉक घेतला. नवरात्राच्या आत हलायचं ठरलं, कारण एकदा नाक्यावर मांडव पडला की टेंपो सोडा, सायकल आत येत नाही. आता कपाट काय, उचललं इकडून, ठेवलं तिकडं. टाकीचं तसं नसतं. टाकीच्या वाळूत तीन वर्षांचं खाणं, घाण, सगळं मुरलेलं. वरून पांढरीशुभ्र, खाली काळीकुट्ट. जागेवर आहे तोवर ठीक, पण ढवळली की खालचं विष वर येतं आणि मासे संपले. म्हणून टाकी हलवताना जुनी वाळू फेकायची, नवी घालायची. हे पंढरीला दुकानवाल्याने सांगितलेलं आणि पंढरीने कंपनीत, जिन्यात, न्हाव्याकडे, दिसेल त्याला सांगितलेलं.

ऐकलं कोणी? चुलतभाऊ रघु म्हणाला, "वाळू ना? मी आहे ना, टेन्शन नको घेऊस." दुसऱ्या दिवशी गोणी हजर. उघडून बघतो तर रेती. स्लॅबला घालतात ती. आत खडे, आत विटेचा तुकडा.

"रघ्या, ही घर बांधायला लागते."

"मग माशांना घर नको काय?"

आता याच्याशी काय बोलायचं? पंढरीने शांतपणे समजावलं, बाबा रे, वाळू म्हणजे रेती नव्हे. रघु म्हणाला, बरं, आणि गोणी जिन्यात ठेवून गेला.

शेवटी कंपनीतला एक जण गणपतीला मालवणला गेलेला, त्याने आणली खरी वाळू. पांढरी, मऊ. आता ती धुवायची. तुम्ही कधी वाळू धुतलीय? तांदूळ धुतो तसं नाही हो ते... पाणी नितळ येईपर्यंत घोळत बसायचं, हात सोलून निघतात, आणि नळाला पाणी येणार सकाळी तासभर! सरोज दाराशी उभी. "माझ्या चादरी भिजून पडल्यात आणि तुम्ही रेती धुताय." पंढरी मान वर न करता म्हणाला, "वाळू." ती म्हणाली, "तेच ते." नाही ना तेच ते! वाळू म्हणजे रेती नव्हे. पण बायकोला किती वेळा सांगणार?

आणि आता येतात सासरे. नाथा कोळी, ठाण्यातल्याच चेंदणीचे. उभा जन्म होडीत गेलेला. हे गृहस्थ तीन वर्षांत लेकीच्या घरी फिरकले नव्हते. का? लग्न त्यांनीच लावलेलं, हुंड्याबिंड्याचं काही नाही. जावयाने घरात मासे आणले आणि खायचे सोडून पाळले, हे कारण. "मासा टोपात दिसाया पायजे, काचंत नाय," म्हणाले, आणि येणं बंद. सरोज सणाला एकटी माहेरी जायची आणि गप्प गप्प परत यायची. पंढरीला ते दिसायचं. पण करणार काय, मासे सोडून देणार?

सामान हलवायच्या निमित्ताने सरोजने वडिलांना बोलावलं, आणि ते चक्क आले. आदल्या दिवशीच सरोजने पंढरीला सांगून ठेवलं, "बाबांशी वाद घालायचा नाही. काही बोलले तरी ऐकून घ्यायचं. या वेळी परत गेले तर ते पुन्हा यायचे नाहीत."

रविवारी सकाळपासून पंढरी कामाला. मासे झाकणाच्या ड्रममध्ये, दगड ओल्या गोणपाटात, समुद्राचं पाणी कॅनमध्ये. जुनी वाळू गोणीत भरून जिन्याखाली, फेकायला. फक्त वरच्या थरातली डबाभर त्याने बाजूला ठेवली. सासऱ्यांनी डब्यात बोट घालून बघितलं.

"ही कशाला?"

सासरे आपल्याशी बोलले, या आनंदात पंढरी सुरूच झाला. "मामा, हे विरजण. जुन्या वाळूत चांगले जंतू असतात. थोडी नव्या वाळूत मिसळली की टाकी लवकर लागते, दही लागतं ना, तशी."

मामा म्हणाले, "हं."

त्या 'हं'वर लक्ष ठेवायला पाहिजे होतं...

कोपरला टाकी बसली, नवी वाळू अंथरली, डबाभर विरजण मिसळलं, पाणी भरलं, मासे सोडले. जोडी दगडाआड गेली, निळे इकडून तिकडे. सरोजच्या तोंडावर पहिल्यांदा हसू. आणि लाइट गेली. हवेचा पंप बंद. पंढरी धावत खाली मीटरच्या खोलीत, फ्यूज उडालेला, वॉचमनकडे तार नाही, तार आणली तर पकड नाही... हे सगळं करून वर आला तर टाकी कुठाय? टाकीच्या जागी काळा चहा, आणि घरभर सडक्या अंड्याचा वास! मामा रिकामी गोणी झटकत उभे. जिन्याखालची जुनी वाळू त्यांनी टेंपोत घालून आणली होती आणि अख्खी टाकीत ओतली होती.

"डबाभर विरजणानं काय व्हतंय रं? आता घट्ट लागंल."

पंढरीने तोंड उघडलं. सरोजने त्याच्याकडे बघितलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, जरा सरका." आणि खांद्यापर्यंत हात आत. दिसत काही नाही, चाचपडत एक दगड बाहेर, दुसरा बाहेर, जोडी सापडली, ड्रममध्ये, तीन निळे सापडले, ड्रममध्ये, सरोज कॅनमधलं उरलेलं पाणी ओततेय, चौथा निळा सापडेना... सापडला तेव्हा आडवा झालेला होता.

तो मामांनी हातावर घेतला. उभ्या जन्मात किती मासे मेलेले बघितले असतील या माणसाने? तरी तो एवढासा जीव तळव्यावर घेऊन ते नव्या घरातल्या उघड्या फरशीवर बसून राहिले. मग पंढरीकडे न बघता म्हणाले, "माजी चूक जाली. पानी किती लागंल तुला?"

दुसऱ्या दिवशी उत्तनला जाऊन, भाच्याच्या होडीतून लांब आत जाऊन, कॅन भरून त्यांनी समुद्र आणला. मालवणची वाळू काळ्या वाळूत मिसळून वाया गेलेली, तर तिथल्याच किनाऱ्यावरून शिंपल्यांच्या चुऱ्याची गोरी वाळू आणली, आणि कोपरच्या गच्चीवर धोतर खोचून धूत बसले. तोवर मासे ड्रममध्ये, ड्रम बाथरूममध्ये, आणि पंढरी-सरोज अंघोळीला शेजाऱ्यांकडे. रघु बघायला आला, म्हणाला, "मामा, रेती धुताय काय?"

मामांनी मान वर केली. "रेती नाय. वाळू."

टाकी लागली. जोडी जगली, तिन्ही निळे जगले. आता सगळं ठीक आहे म्हणायचं. फक्त रोज सकाळी, पंढरी दाढीला बसला रे बसला की शेजारीण हाक मारते, भोईर, ठाण्याहून फोन. अर्ध्या गालाला साबण घेऊन पंढरी पळतो.

"मासे कसे हायेत?"

"बरे आहेत, मामा."

"खाल्लं काय?"

"खाल्लं."

"सरोज?"

"तीपण बरी आहे."

फोन बंद. घरात आला की सरोज विचारते, बाबांनी माझी चौकशी केली का? पंढरी पुन्हा साबण लावतो आणि म्हणतो, "केली की. खाण्यानंतर."