दोन काठांचे बरगे

माझं म्हायार हितनं दिसतंय बगा, पावणं. पल्याडची ती चिच दिसली? तिच्या म्हागं आमचं घर. मधी निस्ती पंचगंगा. हिकडं चुलीवर भात ठिवून बंधाऱ्यावरनं पळत जायाचो, आईला बगून भात करपायच्या आत माघारी. त्या बंधाऱ्याच्या खांबांमधी लाकडी फळ्या घालत्यात, त्यास्नी बरगे म्हंत्यात. ते घातले की पानी आडतंय, दोन्ही गावांचा ऊस जगतोय. निम्मे बरगे आमच्या गावाचे, निम्मे त्येंचे.

आन् नाट लागली ती तिथंच. होळीला लाकडं पळवायची रीतच हाय की आमच्याकडं, शिव्या देत्यात आन् सोडून देत्यात. पन एका साली आमच्या लोकास्नी काय अवदसा आठवली, पानी सोडल्यावर काठाला काढून रचलेले त्येंचे बरगे आनले आन् घातले होळीत. आमचे मालक सगळ्यात फुडं! बोंबलून मोकळे झाले. मग पानी आडंना, त्येंचा ऊस वाळला आन् आमचाबी वाळला, एवढंबी कुनाच्या डोस्क्यात आलं न्हवतं. काठ्या निगाल्या, मालकांचं डोस्कं फुटलं, आन् फोडलं कुनी म्हंता? माझ्या पाठच्या भावानं, आप्पानं.

तवापासनं बंधाऱ्यावरनं पल्याड कुनाचं पाऊल न्हाय, नवे बरगेबी ज्येनं त्येनं आपल्याच अंगाचे घालायचे. माझा बा गेला तवा मी हिकडच्या घाटावर बसून तिकडचा धूर बगितला. काय सांगू तुमास्नी.

मग आलं काळं पानी. वरच्या कारखान्यांची आन् गटारांची घान, मासं पोटं वर करून तरंगायची, नळालाबी तेच. शेजारची सून, पोटुशी, काविळीनं गेली. आन् माझी लेक सुनी पैल्या बाळंतपनाला आलेली. सकाळी उठलो की आदी तिचे डोळे उजेडात बगायचो. आई, काय बगतीस गं, म्हनायची. काय न्हाय बाई, काजळ बगतो, म्हनायचो. सासरी धाडावी म्हनलं, तर पैल्या बाळंतपनाची लेक कोन माघारी धाडतंय?

धरनाचं चांगलं पानी सोडलंतं, पन बरगे काढल्याबगर काळं हालंना. आन् एकाच अंगाचे काढले तर सगळा लोंढा त्याच काठाला, मळं ढासळनार. हे म्हनायचे तुमी आदी काढा, ते म्हनायचे तुमी आदी. मालकास्नी म्हनलं, मी जातो आप्पाकडं. तर म्हनले, गेलीस तर परत यू नगंस. म्हनलं, बरं.

बंधाऱ्यावरनं चालत गेलो. पल्याड आप्पा हुबा, हातात बरगे वडायचा लोखंडी आकडा. त्याच आकड्यानं मालकांचं डोस्कं फुटलेलं. मी म्हनलं, आप्पा, सुनीचे दिवस भरत आल्यात, ह्या पान्यानं जाईल रं ती, मारायचं तर मार मला, पन बरगे काढ. त्येनं आकडा खाली टेकवला. मग म्हनला, आक्का, तुझ्या गावाचा भरवसा न्हाय. तू मधल्या खांबावर हुबी ऱ्हा. तू हाक दिलीस की एक आमचा, एक तुमचा. कोन फसवतंय ते तुला दिसंल.

माघारी यून आप्पाची अट गावाला सांगितली, तवा लोक राजी झाले. खालच्या गावांस्नी आदी सांगावा धाडला, पानी भरू नगासा म्हनून. दोन्ही काठाला मानसं, काठ्यांसकट. मालकबी आलते, माझ्याकडं न बगता दोरी धरून. मी वरडलो, वडा! एक हिकडचा, एक तिकडचा. पायाखाली पानी घुसळाय लागलं, खांब हादराय लागला, मी एकदा हिकडं, एकदा तिकडं बगत हाका देत हुतो, वाटायचं आत्ता कोनतरी थांबनार. पन कोन थांबलं न्हाय.

सुनीला पोरगी झाली, धडधाकट.

आता दर साली त्येंचा एक कुजका बरगा आमच्या होळीला, आमचा त्येंच्या, हातानं नेऊन देत्यात. आप्पा आन् मालक शेजारी हुबं ऱ्हाऊन बोंब ठोकत्यात, म्हातारी झाली तरी! पन भ्या गेलं न्हाय बगा. काळं पानी अजून येतंय. नात आली की मी तिचे डोळे अजून उजेडात बगतो. वास सुटला की घाटावर जाऊन वरडतो, आप्पा, आलं रं! आन् पल्याडनं तो वरडतोय, आलो गं आक्का, चढ खांबावर. आमी दोघं गेल्यावरबी दोन्ही काठाला आसं वरडनारं कोनतरी ऱ्हावं, एवढंच मागनं हाय देवापाशी.