मक्केला न गेलेल्या बु विनार्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वस्तीचे प्रमुख, वडीलधारे म्हणून सर्वांचे 'पाक' सुमार्यो, मंचावर बसलेल्या डॉक्टर हाप्सारी, आजच्या सत्कारमूर्ती, सगळ्या वस्तीच्या 'बु' म्हणजे आई, विनार्ती, आणि सभागृहात जागा न मिळाल्यामुळे बाहेर फरशीवर खुर्च्या टाकून बसलेल्यांसह सर्व कोटागेडेकर बंधुभगिनींनो,

मी वेनिंग. बुंच्या समुपदेशन केंद्रात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. सोमवारपासून ते केंद्र मी चालवणार आहे. मला भाषणाची सवय नाही, कारण आमच्या कामात दुसऱ्याला बोलू द्यायचं असतं. गोड किपो आणि चहा मागे तयार आहे हे मलाही दिसतं आहे, तेव्हा लांबवणार नाही.

आमच्याकडे येणाऱ्या माणसाचं नाव आम्ही चारचौघांत घेत नाही. आज एक घेणार आहे. चांदीचे कारागीर पाक जारोत समोरच बसले आहेत. मी परवानगी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "घे की! माझं नाव गाळून सांगितलंस तर लोक उगाच सुमार्योंवर संशय घेतील." अध्यक्षमहोदय, शब्द त्यांचे आहेत.

दोन वर्षांपूर्वी बुंना कर्करोग असल्याचं कळलं. उपचारांची बाजू डॉक्टर हाप्सारींनी हाती घेतली. आमच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. केंद्रात येणाऱ्यांना हे सांगायचं का? मी म्हटलं, सांगायचं, मानसशास्त्राच्या वर्गात शिकवतात तसंच. बु म्हणाल्या, "अगं, शिकवणारे आपल्या जावा बेटावर राहत नाहीत. मी आजारी आहे म्हटलं की उद्या सगळे संत्री घेऊन दारात. माझी विचारपूस करतील आणि स्वतःचं दुःख चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतील. आजारी माणसापुढे कुणी रडतं का आपल्यात? मग मी काय करू, संत्री सोलत बसू?"

याचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडे आहे?

म्हणून दारावर फक्त 'काही दिवस बंद' अशी पाटी लागली. उपचारांत बुंचे केस गेले. त्या परत आल्या त्या हिजाब घेऊन. तोवर सगळ्या वस्तीनं त्यांचा उघडा अंबाडाच पाहिलेला. न सांगता गेल्या, डोकं झाकून आल्या, चेहरा सुकलेला. वस्तीनं हिशेब जुळवला.

"अल्हम्दुलिल्लाह! बु, गुपचूप मक्केला जाऊन उमरा करून आलात!"

"तिथलं ऊन सोसलं नाही वाटतं. किती उतरलात!"

"ते जाऊ द्या, खजूर कुठे आहेत?"

मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी कुणी मागितलं होतं, ते अध्यक्षांना आठवत असेल. बु नुसत्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे तेवढ्यावर बरंच काही निभावून जातं.

पाक जारोतांशी मात्र निभावलं नाही. पत्नी वारल्यापासून ते केंद्रात येत होते. तिलाही कर्करोगच होता. पण घरच्यांनी ठरवून तिला पोटाचा व्रण सांगितला होता. ती शेवटपर्यंत ईदला कुणाला कोणतं कापड घ्यायचं हे बोलत राहिली, आणि हे "हो, घेऊ" म्हणत राहिले. त्यापलीकडे ते आमच्याकडे कधी बोलू शकले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या संमतीनं मीही खोलीत होते. त्यांनी विचारलं, "बु, तिथे माझ्या बायकोसाठी दुवा मागितलीत ना?"

एक 'हो' पुरलं असतं. पण एका खोट्याखाली दबलेल्या माणसाला दुसरं खोटं कसं द्यायचं? त्यांनी हिजाब काढला.

"पाक, मी मक्केला गेले नव्हते. इस्पितळात होते. तिला होता तो आजार मला आहे."

पाक जारोत उठलेच. "माफ करा बु, आजारी माणसाला मी रडगाणं ऐकवतोय. येतो मी."

"बसा."

"नको, तुम्ही जरा पडा."

"पडायचं तेव्हा पडेन. आत्ता वेळ तुमची आहे. तिला जे सांगायचं राहिलं, ते मला सांगा."

ते बसले आणि बोलले. काय बोलले ते त्यांचं आहे.

दुसऱ्या दिवशी बुंनी स्वतःच सगळ्यांना खरं सांगितलं. अपेक्षेप्रमाणे रविवारी वस्ती लोटली. तेव्हा बुंनी नियम केला. माझ्या आजाराची चौकशी मागच्या दारानं, तीही रविवारी. पुढच्या दारानं येणाऱ्यानं फक्त स्वतःचं बोलायचं. पुढच्या खोलीत "बु, बरं आहे ना?" म्हणणाऱ्याला त्या खरोखर मागच्या दाराकडे बोट दाखवत. एकदा औषधांच्या गुंगीत त्यांना बोलणं ऐकता ऐकता झोप लागली. समोरच्या गृहस्थांनी त्यांच्या अंगावर शाल घातली आणि बोलणं पूर्ण केलं. जाताना मला म्हणाले, "आज पहिल्यांदा कुणी मध्ये तोडलं नाही."

आता निमंत्रणपत्रिकेबद्दल. तिच्यावर 'विश्रांतीसाठी निवृत्ती' असं छापलं आहे. समितीचा हेतू चांगला होता. पण बुंनी मला सांगितलं आहे की मंचावरून नीट सांग, कुजबुज नको. आजार परत आला आहे. उपचार चालू राहतील, काम थांबेल. त्या सालातिगाला बहिणीकडे राहायला जात आहेत.

केंद्रात येणाऱ्यांना बुंनी हे गेल्या आठवड्यात एकेकाला सांगितलं. मला वाटलं होतं, आता निम्मी खोली रिकामी राहील. एकानंही वेळ रद्द केली नाही. शेवटच्या दिवशी एक आजी आल्या, आजाराचं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि मग पूर्ण वेळ सुनेच्या भाजीतल्या मिठाबद्दल तावातावानं बोलून गेल्या. दार लागल्यावर बु खुर्चीत मागे टेकल्या आणि मला म्हणाल्या, "पाहिलंस? विसरल्या. मी आजारी आहे हे साफ विसरल्या त्या." इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

अध्यक्षांचे, मान्यवरांचे, सभागृह सजवणाऱ्या मंडळींचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी मोजकं बोलते. त्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द कोरडा लागला असेल, तर आपल्याच घरातली मुलगी समजून तो पोटात घालावा.