मंदारचा फोल्डर

अरे, आमच्या मंदारचं सांगतो. ठाण्याजवळ दिव्याला एकत्र राहायचो तेव्हा आम्हा भावांचं ऑनलाइन स्टोअरवर एकच खातं होतं. सेल लागला की मंदार गेम घ्यायचा आणि मी ऑफिसवरून येऊन आडवा व्हायचो. लग्नानंतर तो कल्याणला गेला.

परवा सुट्टीत खात्यातले सगळे गेम नीट लावायला बसलो, तर त्याने केलेला एक फोल्डर दिसला, ‘दादाला वेळ मिळाला की’. आत चौदा गेम, सगळे दोघांनी खेळायचे, एकही उघडलेला नाही. मला कसंतरीच झालं. लगेच फोन केला, “मंद्या, आत्ता ये.”

बिचारा आला. गेम डाऊनलोड होईपर्यंत म्हणून सोफ्यावर टेकलो आणि दोघंही झोपलो. बायकोने चहाला उठवलं तेव्हा गेम कधीचा तयार होता. मंदार डोळे चोळत म्हणाला, “दादा, किती दिवसांनी असा झोपलो रे!”