कोअर ओला नव्हता

हॅलो? … कोण, चिमणे, तू? बोल… अगं मोठ्यानं बोल, करवत चालू आहे… मागच्या अंगणात. … हो, ती बादलीचीच भट्टी. तुझ्या भाऊजींनी आतून माती लिंपून दिली… नाही भाजत काही! पायात बूट आहेत, हातात मोजे आहेत. तुमच्या कारखान्यानं अठरा वर्षांत इतके जाड दिले नाहीत.

हं… हं… माफीचा कागद? आज पाचपर्यंत सही केली तरच परत कामावर घेणार? … वाच बघू काय लिहिलंय. … "माझ्या निष्काळजीपणामुळे कोअर ओलसर राहिले"… बास! पुढचं वाचू नकोस, डोकं फिरेल माझं. … नाही करणार सही. … हो, हो… अगं ऐक ना! पंपाच्या पोटात पोकळी राहते ती कुणाच्या जिवावर? मी भाजलेल्या वाळूच्या गाभ्यावर, या कोअरवर. नुसता हात लावला की कळतं मला, ओला की सुका. आणि चाळीस पंप भोकांचे निघाले की दोष माझा?

मला काढलं ना, तेव्हा त्याच खेपेतले दोन कोअर उचलून आणले मी. … चोरी? बरं, चोरी. तेही लिहा म्हणावं कागदात. … एक सकाळी साच्यात बसवला. मुशीत जुने पिस्टन वितळवले, वरची मळी काढली, ओतलं. आता गार झालंय, म्हणून कापतेय. … रडतेस काय गं? … तुलाही काढतो म्हणाला? कोण, फोरमन? … शेजारीच उभा आहे? मग आधी नाही का सांगायचं! दे त्याला. … दे म्हणते ना!

नमस्कार साहेब. … आवाज खाली? अंगण माझं आहे, साहेब. … थांबा, जरासंच राहिलंय… हां. झाले दोन तुकडे. …

एक भोक नाही. … नाही म्हणजे नाही! सुई घालायला जागा नाही. … कोअर ओला असता तर भोकं पोकळीभोवती पडली असती. तुमच्या पंपांना पार बाहेरच्या कडेपर्यंत आहेत. तेलकट भंगार तसंच मुशीत ढकलता, तेलाचा वायू धातूत अडकतो, दुसरं काय होणार? … बायकांना ओतकाम कळत नाही? मग हे कुणी ओतलं, शेजारच्या मांजरानं?

काय? … गुपचूप ये, सहीचं नंतर बघू? … वा! हाकलताना सगळ्यांसमोर, आणि परत घेताना मागच्या दारानं? नाही जमणार. दुसरा कोअर आहे माझ्याकडे. उद्या सकाळच्या पाळीला आणते. भट्टी तुमची, धातू तुमचा, ओता पण तुम्हीच. एक पंप माझ्या कोअरवर, आणि एक नुसता ठोकळा, त्यात दोष द्यायला कोअरच नाही. सगळ्या बायकांसमोर दोन्ही कापायचे. … का नको? … अहो, ठोकळा का नको? … हॅलो? … हॅलो?

ठेवलास? ठेव. मी येतेय.